ज्याच्या हातात डस्टर, त्यानं बोलायचं

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. फळा पुसायचा. सध्या माझा मुक्काम शाळेच्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, अर्धा फुटलेल्या पृथ्वीच्या गोलाशेजारी आहे. परीक्षेत फाटक्या पुस्तकाला बोलायला लावतात, पडक्या विहिरीला बोलायला लावतात, वठलेल्या झाडाला तर दरसाल बोलायला लावतात. डस्टरला आजवर कुणी विचारलं नाही. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगून टाकावं.

चौसाळ्याहून आत सात किलोमीटरवर आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. गावातल्या आसाराम सुताराने मोडलेल्या बाकाच्या फळीतून मला कापलं आणि खाली जुन्या घोंगडीची दुहेरी घडी बारीक खिळ्यांनी ठोकली. दुकानातले स्पंजाचे डस्टर दोन महिन्यांत माना टाकतात. मी अठरा वर्षं टिकलो. खडूची धूळ खाऊन खाऊन मूळचा काळा रंग गेला, एवढंच.

माझी पहिली सतरा वर्षं बंकट गुरुजींच्या हाताखाली गेली. गुरुजी प्रश्न विचारायचे, उत्तर आलं नाही की मी यायचो. नेम पक्का होता, पण पोरंही वाकण्यात पटाईत होती, म्हणून माझा एक कोपरा भिंतीवर आपटून उडाला. मला त्याची लाज वाटायची नाही. आपलं काम पुसायचं आणि लागायचं, असं मी धरून चाललो होतो. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा गावानं त्यांना फेटा बांधला.

मग धारूरकडून आदिनाथ सर आले. पहिल्या शनिवारी सकाळच्या शाळेत त्यांनी मला सहज हातात घेतलं, आणि सातवीच्या अकराही पोरांनी एकदम माना खाली घातल्या. सर आधी हसले. मग त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हा फेकायचा नाही. हा हातात धरायचा. ज्याच्या हातात डस्टर, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गोल करून बसा बरं."

सरांनी त्या दिवशी विचारलं, "कोरड्या नदीला नदी म्हणायचं का?"

आमच्या गावची नदी वर्षाला दोन महिने वाहते. बाकीचे दहा महिने तिच्यात क्रिकेट चालतं. पोरं गोंधळली. पुस्तकाची पानं उलटू लागली. अंगद नावाचा एक वाचाळ पोरगा होता, हाताला कायम बोरांचा वास. त्यानं विचारलं, "सर, हे कोन्त्या धड्यातलं हाय?"

"कोणत्याच नाही."

"मंग उत्तर कुठं बघायचं?"

"बघायचं नाही. विचार करून सांगायचं. इथं चूक उत्तर नसतं."

अंगदनं मला पोटाशी धरलं आणि म्हणाला, "सर, पूल हाय म्हंजी नदी हायच. नदी नसती तर सरकारनं पूल कशाला बांधला असता?" पोरं हसली. मग राजनंदिनीनं मला मागून घेतलं. ही गावच्या आप्पारावांची नात. आप्पाराव म्हणजे मोठे शेतकरी आणि शाळा समितीचे अध्यक्ष. वर्गातले दोन्ही पंखे त्यांनीच दिलेले. राजनंदिनी म्हणाली, "आई रागावली की दोन दोन दिस बोलत न्हाई. तरी आईच ऱ्हाती ना. तसंच नदीचं." शेवटी पोरांनी सरांना गाठलं, कुणाचं बरोबर ते सांगा. सर म्हणाले, "मलाही नक्की माहीत नाही." मास्तराला माहीत नाही, ही गोष्ट वर्गात पहिल्यांदाच घडली होती. अंगदनं ती दुपारपर्यंत गावभर केली. "आमच्या सरला नदी ठाऊक न्हाई," असं म्हणून लोक पारावर आठवडाभर हसत होते.

पण पोरं शनिवारची वाट पाहू लागली. भुकेल्यानं कणीस मोडलं तर ती चोरी का? जे कुणीच पाहिलं नाही ते घडलं असं म्हणायचं का? असे प्रश्न. मी हातातून हातात फिरायचो. पुसणाऱ्याला आणि लागणाऱ्याला कुणी असं दोन हातांनी धरतं, हे मला ठाऊक नव्हतं. खरं सांगतो, मी चढून गेलो होतो.

या गोलात एक मुलगी बोलायची नाही. आम्रपाली. तिचे आईवडील कामासाठी पुण्याला, ती आजीजवळ, सिंधुबाईजवळ राहायची. वर्गात सगळ्यांत आधी वाचून संपवणारी, पण मी तिच्या हातात गेलो की तव्यावरची भाकरी हाताला लागावी तशी ती मला पुढे सारायची. तिचा हात नेहमी गार असायचा. सर तिला कधी टोचायचे नाहीत. एकदा मात्र तास संपल्यावर ते तिच्याजवळ बसून म्हणाले, "आम्रपाली, इथं बोललं म्हणून कुणालाही काही होणार नाही. ती माझी जबाबदारी." मी तेव्हा टेबलावर होतो. मी ते शब्द माझ्या कानांनी ऐकले आहेत, डस्टरला कान असोत नसोत.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. झेंडावंदनाच्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या. सरांनी विचारलं, "सगळी माणसं सारखी असतात का?"

हा प्रश्न पोरांना सोपा वाटला. "होय सर," "होय सर" करत मी भराभर पुढे सरकत होतो. अंगदनं भर घातली, "कातडं काढलं तर आतून समदी सारखीच निघतील." मग मी आम्रपालीच्या हातात आलो आणि तिनं मला पुढे सारलंच नाही. तिची बोटं माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर फिरत राहिली.

"न्हाई सर," ती म्हणाली. "नसत्यात."

तिनं एकदा दाराकडे पाहिलं आणि बोलायला लागली. "माही आजी राजनंदिनीच्या शेतात खुरपायला जाती. दुपारी त्यांच्या घरी चहा अस्तो. समद्या बायांना एकाच किटलीतला. पर आजीचा कप अलग हाय. कान तुटलेला. गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत ठिवलेला अस्तो. आजीच काढती, आजीच इसळती, आजीच परत ठिवती. मी एकदा तिच्यासंग गेलते, तवा मलाबी त्याच कपात दिला. चहा लई चांगला होता सर. पर मला पुन्हा जावं वाटलं न्हाई."

राजनंदिनी तिच्या शेजारीच बसली होती. दोघी एका डब्यात जेवायच्या. मला वाटलं, आता ही भांडणार. तिनं नियमाप्रमाणे हात पुढे केला, मला घेतलं आणि हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तो सिंधुआजीच्या आवडीचा कप हाय. मी एकदा आईला म्हनले, तिला नवा देऊ. तर आई म्हनली, ऱ्हाऊ दे, तिचा तोच हाय."

कुणी हसलं नाही. अंगदसुद्धा. मी अठरा वर्षं त्या वर्गात काढली, पण तसला शांत वर्ग आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलंच गेलं नाही, त्यामुळे मला पुसायलाही काही नव्हतं. पोरं गेल्यावर सर फोनवर मित्राला सांगत होते, "आज शिकवणं म्हणजे काय ते कळलं बघ." मलाही बरं वाटलं. आम्हा दोघांनाही अक्कल कमीच म्हणायची.

त्याच दिवशी जेवताना राजनंदिनीनं घरात विचारलं, सिंधुआजीचा कप गोठ्यात का ठेवतात? हे तिनंच सोमवारी वर्गात सांगितलं. सांगताना तिच्या गालावर वळ होता. आणि सिंधुबाईला निरोप गेला होता की सध्या खुरपायला बायका पुष्कळ आहेत, यायची गरज नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत आप्पाराव आले. आवाज न चढवणारा माणूस. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, पंखा नीट फिरतो का ते पाहिलं.

"सर, तुमी हुशार मानूस," ते म्हणाले. "पोरं तुमच्यावर खूष हायत. प्रश्न इचारा की, आमी कुठं न्हाई म्हनतो? पर ज्याचं उत्तर ठरल्यालं हाय तसले इचारा. असे वाऱ्यावर सोडल्याले नगं."

"आप्पा, मुलं खोटं बोलली नाहीत," सर म्हणाले. हे वाक्य बोलायला त्यांना दम लागला.

"खोटं म्हनलंच न्हाई म्या. खरं काय, लई जागी पडल्यालं अस्तं. ते उचलून शाळेत कशाला आनायचं?" आप्पाराव उठले. "समितीत तुमच्याबद्दल चांगलंच बोललंय आजवर. फुडंबी बोलावं वाटतं."

चार वाजता सिंधुबाई आली. वाटलं, ही तरी सरांच्या बाजूनं बोलेल. ती चपला बाहेर काढून दारातच उभी राहिली. सर म्हणाले, आत या ना आजी. ती आत आली नाही.

"सर, तुमी हिला बोलाया लावलं. आता तुमीच हिला गप करा."

"आजी, तिनं जे पाहिलं तेच सांगितलं."

"कप मला दिसत न्हवता व्हय?" सिंधुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "चाळीस वर्सं मीच इसळते त्यो. मला ठाऊक हाय कुठं बोलायचं अन् कुठं न्हाई. लेकराला काय ठाऊक? तुमी बदली हून जाल. आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

मी सरांच्या हातातच होतो. ते मला नुसते एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

दुःखाला मुहूर्त लागत नाही म्हणतात ते खोटं नाही. त्याच आठवड्यात वरून कागद आला. वर्गात मुक्तोत्तरी प्रश्न विचारले जातात का, मुलं मोकळेपणाने विचार मांडतात का, हे पाहायला केंद्रप्रमुख योगिता मॅडम येणार होत्या. सोबत एक पुस्तिका होती. तिच्यात पंचवीस मुक्तोत्तरी प्रश्न होते आणि मागच्या पानांवर त्या पंचवीस प्रश्नांची नमुना उत्तरं होती. हसू नका मित्रांनो. मीही तेव्हा हसलो होतो. सातवा प्रश्न होता, सर्व माणसे समान असतात का? उत्तर तीन ओळींचं होतं. होय, सर्व माणसे समान असतात. आपल्या संविधानाने सर्वांना समान हक्क दिले आहेत. आपण सर्वांशी समानतेने वागतो.

सरांनी ती पुस्तिका दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली आणि फळ्यावर उत्तर लिहिलं. "हे पाठ करा," ते पोरांना म्हणाले.

अंगद म्हणाला, "सर, पर ह्या तासाला चूक उत्तर नस्तं म्हनला होताव ना तुमी?"

"बरोबर उत्तर असतं," सर म्हणाले आणि खडू खाली ठेवला.

त्या आठवड्यात ते उत्तर मी पाच वेळा पुसलं आणि पाच वेळा ते पुन्हा फळ्यावर आलं. आम्रपालीला ते पाठ करावं लागलं नाही. ती वाक्यं तिला परकी नव्हती. परिपाठात ती रोज संविधानाची प्रास्ताविका म्हणायची, आणि तिच्या घरात ती प्रास्ताविका भिंतीवर आहे. सिंधुबाईला वाचता येत नाही, पण ओळीवर बोट ठेवून ती सगळी म्हणून दाखवते, असं आम्रपालीनंच एकदा सांगितलं होतं. मित्रांनो, ज्या शब्दांच्या आधारानं ती पोरगी त्या शनिवारी बोलायला उठली होती, तेच शब्द आता तिचं तोंड बंद करायला आणले होते. मला याचा आजही संताप येतो. पण लाकडाच्या संतापाला कोण विचारतं?

मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी सरांनी आम्रपालीला थांबवून घेतलं. "उद्या आप्पाही बसणार आहेत," ते म्हणाले. "फळ्यावर आहे तेवढंच बोल. आजीला परवापासून कामावर बोलावणार आहेत. माझं बोलणं झालंय." आणि वर, "आजीसाठी," असं म्हणाले. आम्रपालीनं मान हलवली. ती सरांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि सर माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी पोरांचे गणवेश धुतलेले होते. मॅडम आणि आप्पाराव खुर्च्यांवर, पोरं गोलात. सरांनी फळा स्वच्छ पुसून घेतला आणि मला अंगदच्या हातात दिलं. अंगदनं उत्तर म्हटलं. मग पुढच्यानं तेच म्हटलं. मी हातातून हातात जात होतो आणि प्रत्येक हाताला घाम होता. राजनंदिनीनं डोळे मिटून म्हटलं. मग मी आम्रपालीकडे आलो.

मी मनातून ओरडत होतो, बोल पोरी, तेव्हासारखं बोल. हे म्हणायला माझं काय जात होतं? मला ना आजी, ना पोट. तिनं मला दोन्ही हातांत धरलं, मान ताठ केली आणि तिन्ही ओळी एका दमात म्हटल्या. काना नाही सुटला, मात्रा नाही सुटली. तिसऱ्या ओळीला, आपण सर्वांशी समानतेने वागतो, इथं ती आप्पारावांकडे पाहून बोलली. आप्पारावांनीच पहिली टाळी वाजवली.

"किती स्पष्ट बोलतेस गं!" मॅडम म्हणाल्या. "नाव काय तुझं?" त्या वाईट नव्हत्या, त्यांना पुढं आणखी चार शाळा गाठायच्या होत्या. मला हातात धरून आम्रपालीचा फोटो काढला गेला. शेरेबुकात मॅडमनी लिहिलं, 'विद्यार्थी आपले विचार मुक्तपणे मांडतात. उपक्रम स्तुत्य.' सरांनी खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी सिंधुबाई कामावर गेली. जुना कप आप्पारावांनी फेकून दिला होता. तिला नवा कप आणला, फुलाफुलांचा. राजनंदिनीनं वर्गात येऊन सांगितलं की तोही गोठ्यातल्या देवळीतच ठेवलाय. आम्रपाली शेजारीच बसली होती. तिनं वहीवरून मान वर केली नाही. त्या दोघी पुढंही एका बाकावर बसत, पण डबे वेगळे झाले. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपोआप झाले.

शनिवारचा गोल बंद पडला. सरांनी कधी तसं जाहीर केलं नाही. एका शनिवारी कवायत ठेवली, एका शनिवारी शिष्यवृत्तीचा सराव, आणि मग विषयच निघाला नाही. सर आजही चांगलंच शिकवतात. आमच्या शाळेची दोन मुलं शिष्यवृत्तीत आली. उन्हाळ्यात भिंतीवर विजेवर चालणारा पडद्याचा फळा आला. त्याला पुसायला डस्टर लागत नाही, म्हणून माझी रवानगी कपाटावर झाली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

जूनमध्ये आम्रपाली दाखला न्यायला आली. आठवीपासून चौसाळ्याच्या शाळेत जायचं होतं. सिंधुबाई बाहेर पायरीवर बसली. सरांनी दाखला लिहायला घेतला. अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. 'वर्तणूक'च्या रकान्यापाशी त्यांचं पेन जरा जास्त वेळ थांबलं. शिक्का मारून त्यांनी कागद तिच्या हातात दिला. काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटलं असावं.

"आम्रपाली," ते म्हणाले, "मोठ्या शाळेत गप्प बसू नकोस हं. मनात येईल ते बोलत जा."

ती दारापर्यंत गेली होती. ती वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"का म्हून, सर?"

सरांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. पंख्याचा आवाज होत राहिला. मग ती "येते सर" म्हणून निघून गेली, आणि सर शिक्क्याची पेटी उघडझाप करत बसले.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी म्हणायचं असतं की आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला खुशाल टाका. तुम्ही पुढे शिक्षक व्हाल, आईबाप व्हाल, तेव्हासाठी माझं एकच मागणं आहे. लेकराच्या हातात मला देऊन 'बोल' म्हणण्याआधी, ते खरं बोललं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात आपण उभे राहणार आहोत का, हे स्वतःला विचारा. धीर होत नसेल तर पाढे विचारा. बंकट गुरुजींच्या काळात मी पोरांना लागायचो, टेंगूळ यायचं आणि आठ दिवसांत उतरायचं. आदिनाथ सरांनी मला एकदाही फेकलं नाही. तरी आम्रपालीला जे लागलं, ते कधी उतरेल असं मला वाटत नाही.